प्रयोग पाहायचा की वाचायचा? नाट्यप्रबंधामागचा जुना वाद

नाट्यशास्त्राचा विद्यार्थी विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेला की हल्ली पहिला प्रश्न येतो: लिहिणार आहेस की बसवणार आहेस? हा पर्याय अलीकडचा आहे आणि तो सहजासहजी मिळालेला नाही.

मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहायचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत रुजली. त्याआधी तिथे उलटा कारभार होता. छापील प्रबंध पुष्कळदा सभेच्या अध्यक्षस्थानी बसणारा प्राध्यापकच लिहायचा आणि विद्यार्थी चारचौघांत तो तोंडी लढवायचा. संहिता गुरूची, प्रयोग शिष्याचा. पुढे संहिताही शिष्याकडे आली. अमेरिकेत या धर्तीची पहिली पीएचडी १८६१ साली दिली गेली, ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली.

नाटक मात्र बराच काळ साहित्य विभागाच्या ओसरीवरच होतं. प्रबंध लिहायचा तो नाटककारावर, व्यक्तिरेखांवर, फार तर छंदांवर. याला पहिला मोठा धक्का बर्लिनच्या एका अभ्यासकाने दिला. न्यूरेंबर्गच्या एका चर्चमध्ये सोळाव्या शतकात नाटकं होत. तिथला रंगमंच कुठे होता, नट कुठून आत यायचा, उभा कुठे राहायचा, याचा त्याने १९१४ च्या ग्रंथात इंचाइंचाने शोध घेतला. पुढे दुसऱ्या एका प्राध्यापकाने रंगमंचाची जागाच चुकली असं म्हणत त्याला आव्हान दिलं आणि दोघांची चांगलीच जुंपली. कोण बरोबर होतं हे आता गौण आहे. विद्यापीठातली माणसं संहितेऐवजी फळ्या-पडद्यांवरून भांडू लागली, हे महत्त्वाचं. १९२३ मध्ये बर्लिनला नाट्यविद्येची स्वतंत्र संस्था निघाली. ज्याने हे सगळं उभं केलं, त्या बर्लिनच्या अभ्यासकाला ज्यू म्हणून १९३३ मध्ये बाहेर काढण्यात आलं आणि १९४२ मध्ये छळछावणीत त्याचा अंत झाला. ब्रिटनमधला पहिला नाट्यविभाग त्यानंतर, १९४७ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झाला.

खरा गुंता पुढचा आहे. मराठीत तर तो एका शब्दातच बसला आहे: प्रयोग. नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही प्रयोगच. इंग्रजीत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द असल्यामुळे तिकडच्या मंडळींना त्यांची सांगड घालायला दोन-तीन दशकं परिसंवाद भरवावे लागले. आपल्याकडे उलटी पंचाईत होते. ‘मी प्रयोग केला’ असं विद्यार्थी म्हणाला की संशोधन झालंच, असं त्याला वाटून जातं. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाआधी प्रश्न मांडलेला असतो आणि उत्तर काहीही आलं तरी नोंदवावं लागतं. नाटकाच्या प्रयोगाआधी तिकिटं विकलेली असतात. तो रंगला पाहिजे, एवढीच त्याची अट. मग फसलेल्या प्रयोगातून संशोधन सिद्ध होतं का? आणि रंगलेल्या प्रयोगात ते हमखास असतं का?

१९८० आणि १९९०च्या दशकांत फिनलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथे हा प्रश्न नियमावल्यांपर्यंत पोचला. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये नाटकासारखे विषयही शिकवणाऱ्या तिथल्या पॉलिटेक्निक संस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नाटक बसवायला शिकवणारे कितीतरी शिक्षक रातोरात ‘संशोधक’ ठरले. संशोधनावरून निधी ठरत असल्याने आपलं काम मोजलं जावं, ही त्यांची मागणी पोटापाण्याचीही होती. तात्त्विक चर्चेत हा भाग दबून जातो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलमध्ये ‘प्रयोग हेच संशोधन’ या विषयावर पाच वर्षांचा प्रकल्प चालला. तोवर तडजोड ठरत आली होती: प्रयोगही करा आणि त्याच्यासोबत लेखनही द्या. जिथे एरवी ८० हजार ते १ लाख शब्दांची मर्यादा, तिथे प्रयोग जोडणाऱ्याला ती बरीच खाली आणून मिळाली. उरलेले हजारो शब्द त्या दोन तासांच्या प्रयोगात आहेत, असं मानायचं.

माझ्या मते ही तडजोड लेखनाच्याच बाजूला झुकलेली आहे. प्रयोग आवडला नाही तरी परीक्षक लेखनावर पदवी देऊ शकतो. लेखन कच्चं असेल तर प्रयोग कितीही जमला तरी सुटका नाही. आपल्या एका संस्कृत नाटकात दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण हे ठरवताना वादविवाद बाजूला ठेवून शिष्येचं नृत्यच पाहायचं ठरतं. तिथेही एकाच आचार्याच्या शिष्येचा प्रयोग होतो. दुसऱ्याची पाळी येण्याआधीच दुपार होते आणि सभा उठते. बहिःस्थ परीक्षकाच्या परतीच्या गाडीची वेळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

यात मार्गदर्शकाचीही भूमिका बदलली. पूर्वी तो प्रकरणं वाचून समासात शेरे मारायचा. आता तालमीला येऊन बसतो, आणि ‘ही पोरगी डावीकडून आली तर?’ असं एकदा त्याच्या तोंडून निघालं की तो मार्गदर्शकाचा दिग्दर्शक झालेला असतो. मग ते काम कोणाचं? हाच प्रश्न प्रकाशयोजनाकाराचा आणि नटांचाही आहे. पदवी एकाला मिळते, प्रयोग मात्र सगळ्यांचा असतो. म्हणून तालमीच्या नोंदवहीला वजन आलं. कोणती कल्पना कोणाची, कुठल्या दिवशी काय टाकून दिलं, हे तिच्यात सापडतं. दुसऱ्यांच्या तालमींचं निव्वळ निरीक्षण करणाऱ्या संशोधकालाही आता नटसंचाची लेखी संमती आणि नीतिविषयक समितीची परवानगी घ्यावी लागते. तालमीत रागाच्या भरात कोण कोणाला काय बोललं, ते छापायचं का, यावर संमतिपत्रात वेगळा रकाना असला तर बरं.

महासाथीच्या काळात सभागृहं बंद पडली आणि परीक्षकांनी प्रयोग पडद्यावर पाहिले. चित्रफीत म्हणजे प्रयोग नव्हे, असं वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या विभागांनाच ती मान्य करावी लागली. ग्रंथालयांना या चित्रफितींची सवय आधीपासूनच होती. कापडी बांधणीच्या प्रबंधाच्या शेवटच्या पानाला खिसा चिकटवून त्यात आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी ठेवली जाई. त्यातल्या कित्येक सीडी आज लावायला यंत्र सापडत नाही. पानं उघडतात.