क्लाउड संगणन (वैयक्तिक वापर)

आपल्या फाइली स्वतःच्या यंत्रात न ठेवता इंटरनेटमार्फत दुसऱ्याच्या सर्व्हरवर (सतत चालू असणाऱ्या मोठ्या संगणकावर) ठेवणे आणि लागतील तेव्हा कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर उघडणे, अशी पद्धत. ‘मेघ संगणन’ असा मराठी प्रतिशब्द आहे. बोलताना मात्र सगळे (गूगलच्या साठवण सेवेवरून) ‘ड्राइव्हवर टाक’ असेच म्हणतात.

संज्ञेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. संगणकांच्या जाळ्याच्या (नेटवर्कच्या) आराखड्यात ज्या भागाचा तपशील दाखवायचा नसे, तिथे अभियंते ढग काढत. नाव बहुधा त्यावरून पडले. कल्पना त्याहून जुनी आहे. दूरध्वनीप्रमाणे संगणनही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या शताब्दी कार्यक्रमात मांडले होते. शब्दाचे श्रेय पुष्कळदा गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांच्या ऑगस्ट २००६ मधील भाषणाला दिले जाते. परंतु कॉम्पॅक या संगणक कंपनीच्या १९९६ च्या एका अंतर्गत दस्तऐवजात तो आढळतो. त्यामुळे २००६ हे जन्माचे नव्हे, प्रसाराचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवाही त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाली. आज प्रमाण धरली जाणारी व्याख्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची (२०११) आहे.

‘ढग’ असतो जमिनीवरच. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर (सर्व्हर ठेवण्याची इमारत) आहे; अशा केंद्रांचे ग्राहक मुख्यतः संस्था असतात. घरगुती फाइली बहुधा गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल यांच्याकडे जातात.

गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा मोफत मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात सामाईक असते. व्हिडिओंनी ती भरली, की नवीन ईमेल येणेही थांबते. आयक्लाउड व वनड्राइव्ह ५ जीबी देतात. चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर १५ जीबी चढायला सुमारे ३ तास २० मिनिटे लागतात, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर याच कामाला दहा दिवस जातील. म्हणून फोटोंचा बॅकअप वाय-फायवरच लावावा.

सर्वाधिक नुकसान ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यांतील गल्लतीने होते. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखेच ठेवणे; बॅकअप म्हणजे वेगळी, स्वतंत्र प्रत ठेवणे. फोन भरला म्हणून गूगल फोटोज ॲपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. तो कचरापेटीत ६० दिवस राहतो (ड्राइव्हवरील फाइल ३०), नंतर परत मिळत नाही. नुसता फोन मोकळा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय आहे. लग्नाचे फोटो, मुलांचे लहानपण अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलीच पाहिजे.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतील फवारणीची वही हे वैयक्तिक वापराचे चांगले उदाहरण ठरेल. गूगल शीट्समध्ये तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण आणि फवारणी व काढणी यांमध्ये सोडायचे दिवस असे पाच रकाने करावेत. बागेत रेंज नसते, म्हणून घरून निघण्यापूर्वीच फाइलसमोरील तीन ठिपके दाबून ती ऑफलाइन उपलब्ध करावी. रेंजमध्ये आल्यावर नोंदी आपोआप चढतात. शहरात राहणाऱ्या मुलाला ‘एडिटर’ (बदल करू शकणारा), व्यापाऱ्याला फक्त ‘व्ह्यूअर’ (नुसता पाहणारा) करावे. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय टाळावा. ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, की कोण पाहते यावर आपला ताबा राहत नाही.

दाखले व कागदपत्रे ठेवण्याची डिजिलॉकर (२०१५) ही सरकारी सेवा याच जातीची. तिथे संबंधित खात्याने दिलेला दाखला कायद्याने मूळ प्रतीसमान असतो, आपण चढवलेला स्कॅन नव्हे.

खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय ओटीपीसारखा दुसरा पुरावा मागणारी) लावावी. फोन हरवला तर ओटीपीही त्याच्यासोबत जातो; त्यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावेत, ड्राइव्हवर नव्हे.