फॉल्स की नॉट गिव्हन? आयेल्ट्सच्या रीडिंगमधला सगळ्यात चिवट गोंधळ

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या अकॅडेमिक रीडिंगमध्ये तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं असतात. उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, तेही या साठ मिनिटांतच करायचं. चाळीसपैकी साधारण 23 उत्तरं बरोबर आली तर 6 बँड (गुणश्रेणी) आणि 30 आली तर 7 बँड मिळतो. म्हणजे दोन बँडमध्ये अंतर आहे ते सात-आठ उत्तरांचं. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन या प्रश्नप्रकारात प्रत्येक विधान खरं, खोटं की उताऱ्यात न दिलेलं ते ठरवायचं असतं. त्याचा एक संच बहुधा पाच-सात विधानांचा असतो. तिथे तीन उत्तरं घसरली की विद्यापीठाने मागितलेला बँड हातचा जाऊ शकतो.

यातल्या ट्रूचा फारसा त्रास होत नाही. विधान उताऱ्याशी जुळतं, शब्द बदललेले असले तरी अर्थ तोच असतो, आणि इंग्रजी ठीकठाक असलं की ते ओळखू येतं. खरी अडचण फॉल्स आणि नॉट गिव्हन यांच्यात आहे, कारण दोन्हींमध्ये वाचणाऱ्याला एकच गोष्ट जाणवते: ‘हे उताऱ्यात असं नाहीये.’ ही जाणीव खरी असते, पण तिच्यावरून उत्तर ठरत नाही. उताऱ्यात विधानाच्या विरुद्ध काही लिहिलेलं आहे, की उतारा त्या मुद्द्यावर काही बोललेलाच नाही, हे पाहावं लागतं.

प्रश्नपत्रिकेतली सूचना याबाबत अगदी स्पष्ट आहे, पण घाईत ती कोणी नीट वाचत नाही. विधान उताऱ्यातल्या माहितीशी जुळत असेल तर ट्रू, त्या माहितीला छेद देत असेल तर फॉल्स, आणि त्याबद्दल माहितीच नसेल तर नॉट गिव्हन. तिन्ही वाक्यांत मोजमाप एकच आहे, ते म्हणजे समोरचा उतारा. जगात काय खरं आहे, तुम्ही काय शिकलात, काल बातमीत काय ऐकलंत, याला इथे थारा नाही.

एक उतारा घेऊन बघू. परीक्षेत तो इंग्रजीत आणि बराच लांब असेल. इथे मुद्दाम मराठीत आणि छोटा देतो, म्हणजे भाषेची अडचण बाजूला राहून फक्त निर्णय कसा घ्यायचा ते दिसेल.

‘बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापाताने तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. बेसाल्ट खडकात अशा आघाताने तयार झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. विवराचं वय आधी सुमारे 52 हजार वर्षं मानलं जात असे. नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी दिसू लागलं. हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला.’

आता दोन विधानं शेजारी ठेवा. पहिलं: ‘सरोवराला रामसर दर्जा जाहीर झाल्यानंतर पाणी गुलाबी झालं.’ दुसरं: ‘पाणी गुलाबी झाल्यामुळे सरोवराला रामसर दर्जा मिळाला.’ दोन्हींत घटना त्याच, शब्दही जवळपास तेच.

पहिलं फॉल्स आहे. उताऱ्यात पाणी जूनमध्ये गुलाबी झालं आणि दर्जा नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. उतारा खरा धरला तर हे विधान खरं असूच शकत नाही. ‘जून’ आणि ‘त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये’ या शब्दांवर बोट ठेवून ते खोडता येतं.

दुसरं नॉट गिव्हन आहे. एक घटना आधी, दुसरी नंतर, एवढंच उतारा सांगतो. पहिलीमुळे दुसरी घडली का, यावर तो गप्प आहे. कारण तेच होतं असं धरून उतारा पुन्हा वाचा, कुठेही अडत नाही. कारण वेगळंच होतं असं धरून वाचा, तरीही अडत नाही. दोन्ही बाजूंनी उतारा शाबूत राहतो, तेव्हा उत्तर नॉट गिव्हन.

विधान आणि त्याच्या उलट विधान, दोन्ही एकेकदा खरी धरून पाहण्याची ही चाचणी सगळ्यात भरवशाची आहे असं माझं मत आहे. ‘मला सापडलं नाही म्हणून नॉट गिव्हन’ हा निर्णय कच्चा असतो, कारण न सापडण्याचं कारण तुमचं वाचनही असू शकतं. उलट बाजू तपासली की निर्णयाला आधार मिळतो.

लोणारचंच आणखी एक विधान पाहा: ‘बेसाल्टमधल्या आघाती विवरांत लोणारचं विवर सर्वांत मोठं आहे.’ इथे चांगले अभ्यासू विद्यार्थी फसतात. भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलाला ब्राझीलमधलं वार्जेआओ विवर माहीत असतं. तेही बेसाल्टच्या प्रदेशातलं, व्यास सुमारे 12 किलोमीटर, म्हणजे लोणारच्या कितीतरी पट. तो आत्मविश्वासाने फॉल्स लिहितो. प्रत्यक्षात विधान चूकच आहे, आणि तरीही परीक्षेत उत्तर नॉट गिव्हन येतं. उताऱ्याने लोणारचा व्यास सांगितला, पण दुसऱ्या कुठल्याही विवराचं माप दिलेलं नाही, आणि माप नसताना तुलना होत नाही. हेच विधान ‘लोणार हे बेसाल्टमधलं एकमेव आघाती विवर आहे’ असं असतं, तर मात्र फॉल्स. ‘विवरं मोजकीच आहेत’ यातच एकाहून जास्त विवरं आली.

आपल्या विषयातला उतारा आला की मुलं खूश होतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला जंतुसंसर्गावरचा उतारा आला, स्थापत्यवाल्याला पुलांवरचा आला, तर वाचन वेगाने होतं हे खरं. पण या एका प्रश्नप्रकारात तीच ओळख घात करते, कारण उताऱ्यातली मोकळी जागा तुमचं ज्ञान तुमच्या नकळत भरून काढतं. म्हणून ओळखीच्या विषयात प्रत्येक उत्तरासाठी ओळ दाखवायची सक्ती स्वतःवर जास्त कडकपणे करावी.

दुसरा एक गैरसमज असा की फॉल्स असायला उताऱ्यात ‘नाही’ हा शब्द हवा. तसं काही नाही. ‘संस्थेच्या निष्कर्षानुसार गुलाबी रंग शेवाळामुळे आला’ हे विधान घ्या. ‘शेवाळामुळे आला नाही’ असं उतारा कुठेच म्हणत नाही. पण संस्थेने कारण कोणतं सांगितलं या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, आणि ते हॅलोआर्किया आहे. विधानाने त्या जागी दुसरं कारण बसवलं, म्हणून फॉल्स. त्याउलट ‘सरोवरात शेवाळही वाढतं’ हे विधान आलं तर नॉट गिव्हन, कारण सरोवरात आणखी काय वाढतं हा प्रश्न उताऱ्याने घेतलेलाच नाही. विधानाला मनात प्रश्नाचं रूप द्यायची सवय इथे फार उपयोगी पडते. ‘आर्गॉन मापनाने आधीचा अंदाज बरोबर ठरवला’ याचा प्रश्न होतो, ‘आर्गॉन मापनाने आधीच्या अंदाजाचं काय केलं?’ उताऱ्यात उत्तर आहे: 52 हजाराच्या जागी 5 लाख 70 हजार आले. उत्तर आहे आणि ते विधानाशी जुळत नाही, म्हणून फॉल्स. ‘आर्गॉन मापन आधीच्या पद्धतीपेक्षा खर्चिक होतं’ याचा प्रश्न केला, ‘कोणती पद्धत जास्त खर्चिक?’, तर उताऱ्यात उत्तरच नाही.

नॉट गिव्हन विधानं ज्या साच्यांत येतात ते थोड्या सरावाने ओळखीचे होतात. दोन गोष्टींचा उल्लेख उताऱ्यात असतो आणि विधान त्यांची तुलना करतं. दोन घटना असतात आणि विधान त्यांच्यात कार्यकारण लावतं. कोणी काहीतरी केल्याची नोंद असते आणि विधान त्यामागचा हेतू सांगतं. अलेक्झांडर यांनी जागेची नोंद केली हे दिलेलं आहे. ‘ते खनिजांच्या शोधात तिथे गेले होते’ असं विधान आलं, तर हेतू उताऱ्याबाहेरचा. या सगळ्यांत एक समान धागा आहे. विधानातले महत्त्वाचे शब्द उताऱ्यात सापडतात, पण त्यांना जोडणारं नातं सापडत नाही. म्हणूनच नुसते कीवर्ड शोधणारा विद्यार्थी इथे सारखा अडकतो. क्लासमध्ये कीवर्डवर इतका भर दिला जातो की मुलं नामांखाली रेघा मारतात आणि क्रियापद सोडून देतात. माझ्या मते या प्रकारात रेघ क्रियापदाखाली आणि प्रमाण दाखवणाऱ्या शब्दाखाली मारावी.

प्रमाणाचे शब्द म्हणजे ऑल, मोस्ट, मेनी, सम, ओन्ली, ऑलवेज यांसारखे. उताऱ्यात ‘सम’ आणि विधानात ‘ऑल’ असेल तर साधारणपणे फॉल्स, कारण ‘काही’ म्हटल्यावर सर्वसामान्य वाचक ‘सगळे नव्हेत’ असाच अर्थ घेतो. उताऱ्यात ‘मेनी’ आणि विधानात ‘मोस्ट’ असेल तर गोष्ट निराळी. ‘पुष्कळ शेतकरी’ हे निम्म्याहून जास्त असू शकतात, नसूही शकतात. उलट बाजूची चाचणी लावली की दोन्ही शक्यता तग धरतात, म्हणजे नॉट गिव्हन.

यस-नो-नॉट गिव्हन या जुळ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. तिथे माहितीऐवजी लेखकाचं मत किंवा दावा तपासला जातो, बाकी तर्क तोच. एक जास्तीचा सापळा मात्र आहे. लेखक दुसऱ्याचं मत सांगतो आणि स्वतः काहीच म्हणत नाही. ‘अनेक अभियंत्यांना ही रचना धोकादायक वाटली’ एवढंच उताऱ्यात असेल आणि विधान ‘ही रचना धोकादायक होती’ असं असेल, तर लेखकाचं स्वतःचं मत दिलेलं नाही, म्हणून नॉट गिव्हन. उत्तर लिहिताना सूचनेत जे शब्द दिलेत तेच लिहायचे. यस-नोच्या संचात ट्रू-फॉल्स लिहून ठेवणारे दर बॅचमध्ये निघतात.

वेळेचं गणित इथेच बिघडतं, कारण नसलेली गोष्ट शोधायला कितीही वेळ पुरत नाही. विद्यार्थी एका विधानासाठी सगळा उतारा दोन-दोनदा पालथा घालतात. यावर उपाय प्रश्नपत्रिकेच्या रचनेतच आहे. या प्रकारातल्या विधानांचा क्रम उताऱ्यातल्या माहितीच्या क्रमाने जातो. चौथ्या विधानाची ओळ दुसऱ्या परिच्छेदात आणि सहाव्याची तिसऱ्याच्या सुरुवातीला सापडली असेल, तर पाचव्याचं जे काही असेल ते या दोन ओळींच्या मध्ये. तेवढाच भाग नीट वाचा. विषयाचा उल्लेख दिसला पण दावा दिसला नाही, तर नॉट गिव्हन लिहून पुढे जा. चाळीस प्रश्नांना साठ मिनिटं म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, आणि त्यातच उताराही वाचायचा असतो. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत, त्यामुळे कोणतीही जागा कोरी सोडू नये.

सराव म्हणून मुलं एकामागून एक मॉक टेस्ट सोडवत सुटतात आणि आन्सर की पाहून टिकमार्क करतात. या प्रकारासाठी हा सराव फार तोकडा आहे. चुकलेल्या प्रत्येक विधानापुढे एक ओळ लिहा. बरोबर उत्तर फॉल्स असेल तर उताऱ्यातले नेमके कोणते शब्द विधानाला खोडतात ते उतरवा. नॉट गिव्हन असेल तर उताऱ्यात कोणतं वाक्य असतं म्हणजे हे विधान फॉल्स झालं असतं, ते वाक्य स्वतः रचून लिहा. रामसरच्या दुसऱ्या विधानासाठी ते असं होईल: ‘दर्जा देताना पाण्याच्या रंगाचा विचार झाला नव्हता.’ हे वाक्य उताऱ्यात नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दोन्हींतली सीमा कुठे आहे ते कळतं.

त्यानंतरची पायरी म्हणजे विधानं स्वतः तयार करणं. इंग्रजी वृत्तपत्रातला विज्ञानावरचा किंवा इतिहासावरचा एखादा लेख घ्या, त्यातला एक परिच्छेद निवडा आणि त्यावर दोन फॉल्स, दोन नॉट गिव्हन विधानं इंग्रजीत लिहा. फॉल्स रचणं सोपं जातं, एखादा आकडा किंवा क्रम फिरवला की झालं. नॉट गिव्हन रचताना हात अडतो. विधान उताऱ्यातल्याच शब्दांनी बनवायचं, खरं वाटेल असं ठेवायचं, आणि उताऱ्याने ते ठरवता कामा नये. मग परिच्छेद आणि विधानं परीक्षेची तयारी करणाऱ्या मित्राला द्या. त्याने तुमच्या नॉट गिव्हनला फॉल्स म्हटलं, तर कोणत्या ओळीच्या आधारे म्हटलं ते त्याला दाखवायला लावा. ओळ दाखवता आली तर विधान तुम्हीच चुकीचं रचलंय, आणि नाही दाखवता आली तर आठवड्याभराने तेच विधान त्याला पुन्हा सोडवायला द्या.