धूळपेरणी आणि ध्रुवीय अस्वलाची जुळी

निफाड-दिंडोरीकडे ऊसतोड सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या फडात बिबट्याचे बछडे सापडतात. बहुतेकदा दोन किंवा तीन. वनखात्याची माणसं त्यांना क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि मादी येऊन एकेकाला तोंडात धरून नेते. हा बछडा जन्मतो तेव्हा जेमतेम अर्धा किलोचा असतो. ध्रुवीय अस्वलाचं पिल्लू त्याहून फार मोठं नसतं, सहाशे-सातशे ग्रॅम. बिबट्याची मादी तीस-चाळीस किलोंची. अस्वलाची गाभण मादी मात्र दोनशे किलोंच्या पुढची. एवढ्या थोरल्या आईला इतकं इवलं पिल्लू का, हे समजलं की पिल्लांच्या संख्येचा सगळा इतिहास उलगडतो.

ध्रुवीय अस्वलांचा समागम एप्रिल-मेमध्ये होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही. आपल्याकडे पावसाच्या भरवशावर धूळपेरणी करतात आणि बी कोरड्या मातीत वाट पाहत राहतं, तसाच तो शरद ऋतूपर्यंत थांबतो. तोवर आईच्या अंगावर सीलच्या शिकारीची पुरेशी चरबी साठली तरच गर्भ रुजतो. नसेल, तर त्या वर्षी पाळणा हलत नाही. कॅनडातल्या पश्चिम हडसन उपसागराच्या अभ्यासात शरदात 189 किलोंहून हलक्या असलेल्या एकाही मादीला पुढे पिल्लं झालेली दिसली नाहीत. हिवाळ्याच्या ऐन अंधारात, बिळात पिल्लं होतात, बहुधा दोन. आई तेव्हा उपाशीच असते, आणि उपाशीपोटी गर्भ वाढवण्यापेक्षा चरबीचं दूध करून पाजणं शरीराला परवडतं, असं संशोधक मानतात. म्हणून जन्म लवकर आणि पुढची सगळी वाढ दुधावर. म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश असतो, या दुधात तीसच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये बिळाबाहेर पडताना पिल्लू दहा किलोंच्या पुढे गेलेलं असतं. ती माय महिनोन्‌महिने काही न खाता हे करते, याचं मला आजही नवल वाटतं.

पिल्लं अडीच वर्षं आईजवळ राहतात, म्हणजे एका वेतानंतर दुसरं साधारण तीन वर्षांनी. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला बेसुमार शिकार सोसत नाही. ती चिंता 1965 मध्ये अलास्कातल्या फेअरबँक्सच्या बैठकीत मांडली गेली. 1973 मध्ये कॅनडा, अमेरिका, सोव्हिएत संघ, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी ऑस्लोत करार केला. त्याला जोडलेल्या ठरावात पिल्लं, पिल्लांसोबतच्या माद्या आणि बिळाकडे निघालेल्या माद्या यांना मारू नये, असं स्वतंत्रपणे सांगितलं होतं. मला त्यातला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

हडसन उपसागराची गोष्ट वेगळीच होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तिळी इतरत्र दिसत त्याहून जास्त दिसत, आणि बरीचशी पिल्लं दीड वर्षातच आईपासून सुटी होत. माद्यांच्या अंगावर तेवढी चरबी असायची. तिथल्या माद्या चर्चिल गावाजवळ पीट मातीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, खणलेल्या जुन्या बिळांत विणीला येतात. तो भाग 1996 मध्ये वापुस्क राष्ट्रीय उद्यान झाला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरं अस्वल.

बंदूक आवरली, तर बर्फ आटू लागला. त्या दशकाच्या तुलनेत तिथला समुद्रबर्फ आता सुमारे तीन आठवडे आधी फुटतो, आणि सील तर बर्फावरूनच पकडायचे असतात. दीड वर्षात सुटी होणारी पिल्लं आता क्वचित दिसतात, तिळीही. विमानातून केलेल्या गणनेत 2016 मध्ये तिथे अंदाजे 842 अस्वलं होती, 2021 मध्ये 618.