चाक वळायला जागा लागते: घरी बांधलेल्या गाडीच्या स्टिअरिंग-सस्पेन्शनची पार्श्वभूमी

घरी बांधलेल्या गाडीचं स्टिअरिंग पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की टायर कुठेतरी घासतोच. कधी आर्मला, कधी चॅसीच्या पाइपला, कधी मडगार्डला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर त्यावरचा ठरलेला तोडगा म्हणजे ग्राइंडर. ‘‘थोडं गोल काट की, बसतंय.’’ आणि बसतंही. या गावात मागाचे सुटे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्यांपासून कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजनच्या कारखान्यापर्यंत धातूला वळण लावणारे हात पुष्कळ आहेत. अडतं ते कारागिरीपाशी नाही. ही अडचण इंजिनापेक्षाही जुनी आहे आणि घरच्या गाडीत तिचं मूळ उसन्या सुट्या भागांत आहे.

घोड्यांच्या बग्ग्यांचा पुढचा आस मधल्या एका खिळ्याभोवती अख्खा फिरायचा. वळताना आतल्या बाजूचं चाक थेट बग्गीच्या पोटाखाली शिरायचं. म्हणून पुढची चाकं लहान ठेवा, नाहीतर सांगाडा उंच घ्या, असे दोनच पर्याय होते. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी 1817 मध्ये आस जागीच ठेवून फक्त त्याच्या टोकांवरची चाकं वळवायची युक्ती काढली. 1818 मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचं राहिलं. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, हे ‘अकरमन’चं सूत्र आपण पाठ करतो, पण या युक्तीने चाकाला लागणारी जागाही वाचवली, हे सहसा सांगितलं जात नाही. भूमिती आणि जागा हे एकाच कोड्याचे दोन भाग तेव्हापासून आहेत.

किट कार ही मात्र ब्रिटनची देणगी. तिथे नव्या तयार गाडीवर ‘पर्चेस टॅक्स’ असायचा आणि सुटे भाग घेऊन घरी जोडलेल्या गाडीवर तो लागत नसे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही छोटी, बुटकी गाडी 1957 मध्ये आली ती या फटीतून. जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाते, म्हणून कंपनी गाडी ‘सुटी कशी करावी’ याची सूचना द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची, अशी एक गोष्ट किट कारवाले रंगवून सांगतात. 1973 मध्ये व्हॅट आला, ती सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. तरी रीत टिकली: सांगाडा स्वतःचा आणि बाकीचं सामान बाजारातल्या चालू गाड्यांचं. सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये अँटीरोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेली आडवी दांडी, हाच वरच्या विशबोनचा (चाकाला धरणाऱ्या दोन पायांच्या आर्मचा) पुढचा पाय म्हणून वापरला होता. एका तुकड्याकडून दोन कामं, म्हणजे जागाही वाचली, वजनही वाचलं.

भारतात मोटारी पेट्यांमधून सुट्या येऊन इथे जोडल्या जाणं जुनंच. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला हे काम सुरू केलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये काढणारे वालचंद हिराचंद तर सोलापूरचेच, जन्म 1882 चा. त्यांच्या कंपनीची फियाट पुढे पद्मिनी झाली. तिच्या पुढच्या चाकांना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, आणि स्टिअरिंग बॉक्सचं, म्हणजे गिअरच्या डबीचं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली ती वेगळा संसार घेऊन: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), स्टिअरिंगला रॅक (डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी दांडी), चाकं 12 इंची. वर्षभराने आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे नंतरच्या ओम्नीत, तेच 796 सीसीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि ओढ मागच्या चाकांना.

सेव्हनसारखी गाडी बांधायची तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल ओम्नीचा, पुढचे नकल (चाक ज्यावर बसतं आणि वळतं ते भाग) आणि रॅक 800 चा, हा हिशोब सरळ वाटतो. भंगारात दोन्ही मिळतात. पण स्ट्रट उंच असतो आणि सेव्हनचं बॉनेट बुटकं. म्हणून स्ट्रट काढून विशबोन आणले जातात, कोणी पद्मिनीचे तर कोणी घरी वळवलेले. रॅक मात्र 800 चाच राहतो आणि त्याच्या टायरॉडची, म्हणजे रॅक चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची, आतली टोकं 800 च्या लोअर आर्मसाठी (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मसाठी) मोजलेली असतात.

आता इंजिनाचा सम्प, म्हणजे तळाची तेलाची टाकी, रॅकवर आदळतो. सोपा उपाय काय? रॅक 25 मिलिमीटर वर घ्या. समजा लोअर आर्म आणि टायरॉड दोन्ही 350 मिलिमीटरचे, टायरॉडचं बाहेरचं टोक खालच्या बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल यांच्या सांध्याच्या) उंचीवर आणि आर्म आडवा. खड्ड्यात चाक 50 मिलिमीटर वर गेलं की आर्मचं टोक साधारण 3.6 मिलिमीटर आत येतं. उचललेल्या रॅकचा टायरॉड मात्र 25 खाली होता तो 25 वर जातो, म्हणजे त्याचं टोक होतं तिथंच राहतं. स्टिअरिंग आर्म (नकलचा टायरॉड जोडायचा हात) 100 मिलिमीटरचा धरला तर चाक आपोआप दोन अंश वळतं. स्टिअरिंगला कोणी हातही लावलेला नसतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात. सम्प सुटला, पण विजापूर रोडवरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी दिशा सोडणार.

दुसरी गफलत रॅक पुढे घेताना होते. 800 चे स्टिअरिंग आर्म मागे आणि किंचित आत वळलेले असतात. डावं-उजवं नकल अदलाबदल करून ते पुढे आणले की तेही आतच वळलेले राहतात आणि अकरमन उलटा होतो. तो सुलटा करायला आर्म बाहेर, म्हणजे रिमच्या दिशेने न्यावे लागतात आणि तिथे ब्रेक डिस्क वाट अडवते. शिवाय रॅक उलथा बसवायला विसरलं तर स्टिअरिंग डावीकडे आणि चाकं उजवीकडे. यावर शेडमध्ये हशा पिकतो, तो रस्त्यावर पिकू नये.

सगळ्यात वाईट काप स्टॅबिलायझर बारचा, म्हणजे अँटीरोल बारचाच. 800 मध्ये लोअर आर्म एकाच दांडीचा, त्याला पुढे-मागे धरून ठेवतो तो हा बारच. सेव्हनच्या युक्तीचाच हा भाऊ. टायरला जागा हवी म्हणून तो काढून टाकला आणि बदली रॉड दिला नाही, तर ब्रेक दाबताच चाक मागे सरकतं.

स्टिअरिंग कॉलमचं तुलनेने लवकर सुटतं. इंजिनाचा मॅनिफोल्ड (धुराच्या नळ्यांचा जोड) चुकवायला दोन युजे क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारे सांधे, दोघांचे कोन सारखे, मधल्या शाफ्टचे फोर्क एका पातळीत. एकच क्रॉस मोठ्या कोनात घातला तर स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड-हलकं होतं.

कायद्याची बाजू कोरडी आहे. नव्या नमुन्याच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते आणि असलेल्या गाडीचं मूळ रूप बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी जीप डिसेंबर 2021 मध्ये गाजली, तेव्हा आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ती गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. म्हणजे ‘एमएच 13’ची पाटी विसरायची. उरतात खासगी आवार आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या स्पर्धा.

त्या स्पर्धांनी मात्र या विषयाला लेखी शिस्त लावली. 1981 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमांत चालक बसलेला असताना चाकाला निदान 50 मिलिमीटरची वर-खाली चाल हवी. स्टिअरिंगला पक्के अडसर हवेत आणि टायर सस्पेन्शनला, बॉडीला किंवा फ्रेमला लागता कामा नये.

शेडमध्ये हे तपासायला स्प्रिंग काढून ठेवतात. आर्मखाली जॅक लावून चाक तळापासून टोकापर्यंत दहा-दहा मिलिमीटरने न्यायचं, प्रत्येक थांब्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवायचं आणि टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, मोजायचं. टायरच्या आतल्या कडेला खडू फासला की जिथे घासतं तिथे पांढरा पट्टा उमटतो. पट्टा शेवटच्या दोन अंशांत उमटला तर रॅकला अडसर पुरतो. मधेच उमटला तर रिमचा ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते) बदलावा लागतो. रॅकची उंची टोच्या आकड्यांवरून ठरते आणि त्यानंतरही सम्प आड आला तर सम्पच कापून उथळ करतात. कमी झालेल्या तेलाची भरपाई म्हणून तो बाजूंनी रुंद करून आत बॅफल, म्हणजे तेल हिंदकळू नये म्हणून पडदे, लावतात.