पहाटेची जाग: वयाची की मनाची?

आमचे बाबा ७८ वर्षांचे. पहाटे चारला उठतात आणि साडेपाचला पर्वतीच्या पायऱ्या चढत असतात. सहकारनगरची मावशी ७२ची. तिलाही तीन-साडेतीनला जाग यायची. "वय झालं की झोप कमी होतेच," असं म्हणून आम्ही दोघांचा विषय मिटवला. मावशीच्या बाबतीत चुकलो, आणि ते कळायला सहा महिने गेले.

बाबांचं खरंच वयाचं. उतारवयात शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. बातम्या बघतानाच डोळे पेंगतात, साडेआठ-नऊला माणूस आडवा होतो, मग चारला जाग येणारच. सात तास भरलेले असतात. ६५ नंतरही झोप ७ ते ८ तास लागतेच. कमी होते ती गाढ झोप, म्हणून रात्री एक-दोनदा उठणं होतं. दिवस मात्र ताजातवाना जातो.

मावशी झोपायची अकराला आणि तीनला टक्क जागी. उठायची नाही, छताकडे बघत पडून राहायची. सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी जरा बरं. नैराश्यात हे पुष्कळदा दिसतं. चहा पुढ्यात तसाच, वर साय धरलेली. पेपरातलं शब्दकोडं ती एरवी थेट पेननं सोडवायची, ते कोरंच. "उदास वाटतंय" असं एकदाही म्हणाली नाही. पाठ दुखते, पोट साफ होत नाही, एवढंच. या वयातलं नैराश्य असं दुखण्याच्या आडून येतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

एका दवाखान्यात तिला नुसती झोपेची गोळी मिळाली. ती घेऊन ती रात्री बाथरूमला जाताना धडपडली. या वयात अशा गोळ्यांनी तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं. स्वतःहून तर घेऊच नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ते थायरॉइड, चालू औषधं हेही तपासतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

मावशीला गुण यायला काही आठवडे लागले. जाग अजूनही साडेचारला येते. पण आता ती उठते, गॅस पेटवते, चहा गरम असतानाच पिते.