काळी पट्टी मारली की मजकूर गेला?

"पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी मारली की ते कायमचं झाकलं जातं," हा समज वकिलांच्या ऑफिसांतही जुना आहे. साहजिकच आहे, कागदावर शाई फासली की अक्षर जातंच. पीडीएफमध्ये मात्र नुसती काढलेली पट्टी हा वरचा वेगळा थर असतो, खालची अक्षरं फाइलमध्ये तशीच राहतात. करून बघा: पट्टीवरून माउस ओढा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पक्षकाराचा पत्ता, खाते क्रमांक लख्ख उमटला तर तो गेलेलाच नाही. स्कॅन केलेल्या पानामागेही ओसीआरचा (चित्रातली अक्षरं ओळखून संगणकाने तयार केलेला) मजकूर असू शकतो, म्हणून तेच नाव सर्च करूनही पाहा. दस्तऐवज तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिडॅक्ट' (म्हणजे गोपनीय भाग कायमचा वगळणं) करून नवी प्रत काढली की खालचा मजकूरही काढला जातो. समोरच्या पक्षाला तीच प्रत द्या, पण आधी हीच चाचणी तिच्यावर करून.