काचबिंदू आणि बी-३ ची गोळी

इंदूरच्या दवा बाजारात ‘आँखों के लिए कुछ ताक़त का दीजिए’ म्हटलं, की समोर रंगीत डब्या येतात. काचबिंदू असलेल्यांनी त्यातली कोणती घ्यावी? माझ्या मते बहुतेक कोणतीच नाही. मात्र बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, निकोटिनामाइड, संशोधकांनी खरोखर मनावर घेतलंय.

काचबिंदूत दृष्टिपटलातल्या गँग्लियन पेशी मरतात. त्यांच्याच दहा-बारा लाख तंतूंची मिळून डोळ्यामागची नस बनते. या पेशींना ऊर्जा फार लागते. ती तयार व्हायला एनएडी नावाचा रेणू हवा, आणि तो वयाबरोबर घटतो. शरीर तो बी-३ पासून बनवतं. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीने 2017 मध्ये काचबिंदू होणाऱ्या जातीच्या उंदरांना निकोटिनामाइड दिलं. सर्वांत मोठ्या मात्रेवर 93 टक्के डोळ्यांतल्या नसा शाबूत राहिल्या.

उंदरांचं ठीक; माणसांचं काय? मेलबर्नमध्ये 57 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद काही जणांत सुधारला. पण गोळ्या होत्या जेमतेम बारा आठवडे, आणि काचबिंदू नजर खातो वर्षानुवर्षं. म्हणून स्वीडनमध्ये दोन वर्षांची मोठी चाचणी हाती घेतली गेली.

मेलबर्नची मात्रा शेवटी रोज 3 ग्रॅमवर नेली होती. एरवी आपली गरज 14-16 मिलिग्रॅमची! शेंगदाण्यांतून 3 ग्रॅम मिळवायचं तर रोज पंचवीसेक किलो दाणे खावे लागतील. सराफ्याच्या खाऊबाजारातली साबुदाणा खिचडी इथे काय पुरणार! साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही तेवढं नसतं. एवढी मात्रा म्हणजे औषधच. मळमळ होते, क्वचित यकृताला इजा होते, म्हणून डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. निकोटिनिक ॲसिड हेही बी-३ च, पण त्याने चेहरा लालबुंद होतो आणि मोठ्या मात्रेत दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊ शकते.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांत, त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर, बी-१२ मात्र तपासून घ्यावं. त्याच्या कमतरतेनेही डोळ्याची नस दुखावते. कमतरता निघाली तर ती भरून काढायची. त्याने काचबिंदू थांबत नाही.

तो रोखण्याचा सिद्ध उपाय डोळ्यातला दाब उतरवणं हाच. त्यामुळे गोळी सुरू केली म्हणून थेंब बंद करायचे नाहीत. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब असेल तर तो पाच मिनिटांनी.